साहेबी गाडीचं दुखणंखुपणं

आज आधी एक कोडं घालते. चारचाकी गाडी आहे, पण पुढच्या काचेला वायपर एकच, तोही बरोबर मधोमध. पाऊस आला की हा वायपर नुसता डावीउजवीकडे डोलत नाही. कोपऱ्याकडे झुकताना तो लांब होतो आणि सरळ उभा राहताना पुन्हा आखूड होतो. त्यामुळे एकच पट्टी काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढते. सांगा पाहू, कोणती गाडी?

ज्यांच्या घरात गाड्यांचं वेड आहे, त्यांनी एव्हाना ओरडून उत्तर दिलं असेल. मर्सिडीज! पण कुठलीही मर्सिडीज नव्हे बरं का. कंपनीच्या हजेरीपटावर जिचा नंबर १२४, ती. १९८४ च्या अखेरीस ती जर्मनीत आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. तिच्या आधीची थोरली बहीण म्हणजे नंबर १२३. ती १९७६ ते १९८५ या काळातली, आणि तिचाही आकडा सत्तावीस लाखांच्या घरात. मोठे अधिकारी, वकील, कारखानदार अशा गाडीतून फिरत, म्हणून ही साहेबी गाडी. जुन्या हिंदी सिनेमात सुटाबुटातला खलनायक कुठल्या गाडीतून उतरायचा, ते आजीआजोबांना विचारा.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीतल्या गाडीचं आम्हाला काय? तर गंमत ऐका. यातली १२४ नंबरची गाडी आपल्या महाराष्ट्रातही तयार झाली आहे! १९९४ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीनं भारतात पाऊल टाकलं आणि १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीला, टेल्कोच्या आवारात, या गाड्या जोडायला सुरुवात झाली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. सुटे भाग खोक्यांत भरून जर्मनीहून यायचे आणि गाडी उभी राहायची पिंपरीत. पेट्रोलवरची ई २२० आणि डिझेलवरची ई २५० डी. चाकणचा मोठा कारखाना नंतरचा, २००९ सालचा. म्हणजे पिंपरीच्या त्या पहिल्या गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे. माणसाची तिशी म्हणजे ऐन उमेद. गाडीची तिशी म्हणजे गुडघे कुरकुरायला लागण्याचं वय.

अशी एक तिशी ओलांडलेली गाडी मी जवळून पाहिली ती आमच्या आरे कॉलनीत. गोरेगावकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच तबेले, रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी आणि म्हशींसाठी थांबलेल्या रिक्षा. तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्रीकाका जुन्या गाड्या दुरुस्त करतात. शहरातल्या गॅरेजात उमर घालवून आता निवांत, एका वेळी एकच गाडी हातात घेतात. आमच्या चौथीच्या मुलांचा शाळेचा रस्ता शेडवरूनच जातो. रोज कोणीतरी डोकावून उशीर करतं. शेवटी मीच म्हटलं, चला, एकदा सगळे मिळून जाऊन बघू.

पोरांची पहिली बोलती बंद झाली ती बॉनेट पाहून. काकांनी ते उघडलं, एक खटका सरकवला आणि आणखी मागे ढकललं, तर ते भिंतीसारखं सरळ उभं राहिलं! एरवीच्या गाडीत माणूस बॉनेटखाली वाकून कंबर मोडून घेतो. इथे इंजिनाभोवती दोन्ही बाजूंनी उभं राहून काम करता येतं.

"मुद्दाम असं केलंय का हो काका?" एका मुलीनं विचारलं.

"मग काय चुकून?" काका म्हणाले. "बनवणाऱ्याला ठाऊक होतं, ही गाडी उघडावी लागणार. उघडावी लागणारच. म्हणून उघडायची सोय त्यानं आधीच करून ठेवली."

मला हे वाक्य फार आवडलं. कारण हल्ली बरीच यंत्रं उलट विचारानं बनतात. खेळणं असो की मोबाइल, चिकटवून बंद करून टाकतात. बिघडलं? फेका, नवं घ्या. आणि गंमत बघा, हे बोलणं चाललं होतं आरेत! १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं ही वसाहत उभी राहिली, तेव्हा इथलं दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघर जायचं. रिकामी बाटली केंद्रावर परत द्यायची, ती धुऊन पुन्हा भरली जायची. तुमच्या आजीनं त्या बाटल्या नक्की हाताळल्या असतील.

बाकी, जर्मन गाडी म्हणजे न मोडणारी गाडी, अशी अनेकांची समजूत असते. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्याची गोष्ट त्यासाठी नेहमी सांगतात. त्याच्या १९७६ च्या २४० डी मर्सिडीजनं तब्बल ४६ लाख किलोमीटर पार केले. ती गाडी २००४ साली त्यानं कंपनीच्या संग्रहालयाला दिली. जरा हिशेब करा. पृथ्वीपासून चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ही टॅक्सी सहा वेळा चंद्रावर जाऊन परत आली म्हणायची! पण गोष्ट सांगणारे एक मुद्दा गाळतात. तिची इंजिनं पुन्हा पुन्हा बदलली होती. एक दुरुस्तीला उतरवायचं, दुसरं बसवायचं, टॅक्सी पुन्हा धंद्याला. गाडी मोडली नाही असं नाही. ती मोडत होती आणि दर वेळी कोणीतरी ती नीट करत होतं.

मग अशा गाडीचं नेमकं काय दुखतं? मुलांना वाटलं होतं, इंजिनातले मोठाले लोखंडी भाग झिजत असतील. काकांनी मान हलवली आणि हात धरून आम्हाला पुढच्या काचेखाली नेलं. बोटानं कोपऱ्यातून काय काढलं असेल? पानं! गुलमोहराची बारीक, पावडर झालेली पानं. काचेवरून ओघळणारं पाणी वाहून जायला तिथे बारीक वाटा ठेवलेल्या असतात. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या या वाटा तुंबतात. मग पावसाळाभर पाणी साचून राहतं, आणि पत्रा आतून गंजू लागतो. १२४ मध्ये बॅटरी असते इंजिनाच्या मागच्या बाजूला, आणि तिच्याखालचा पत्रा तर हमखास खाल्ला जातो. बाहेरून गाडी चकचकीत, आतून चाळणी. आरेत झाडं भरपूर आणि पाऊस धो धो, त्यामुळे इथे हा आजार फार. औषध काय, तर मे महिन्यात एक जुना टूथब्रश आणि पाण्याची बादली. आमच्या वर्गातल्या दोघांनी ते काम तिथल्या तिथे करून टाकलं.

दुसरं दुखणं रबराचं. या गाडीचं मागचं प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं असतं. त्यामुळे खड्ड्यातून जातानाही चाक सरळ राहतं आणि आतल्या साहेबाच्या हातातला चहा सांडत नाही. पण प्रत्येक दांडीच्या टोकाला रबराचं बुश असतं. दांड्या पाच, चाकं दोन, टोकं मोजा तुम्हीच. हे रबर उन्हानं, तेलानं आणि नुसत्या वयानंही कडक होतं, चिरतं. आपल्याकडचे खड्डे ते आणखी लवकर फोडतात. बुश गेलं की गाडी खडखडते, हलते, टायर एका बाजूनं झिजतो. पुष्कळ लोक मग टायर बदलत बसतात. बुश मात्र तसंच! ताप आल्यावर थर्मामीटर बदलण्यापैकी हा प्रकार.

पाण्याचं दुखणं तिसरं. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घालू नये, त्यात कूलंट मिसळावं लागतं. हे द्रव्य थंड देशात पाण्याचं बर्फ होऊ देत नाही. एका मुलानं लगेच अडवलं, "पण मुंबईत बर्फ कुठे पडतो?" शाबास! मुंबईत त्याची गरज वेगळीच. ते आतला गंज रोखतं, आणि पाणी लवकर उकळू देत नाही. ई २२० च्या इंजिनाचं खालचं धड लोखंडी आणि वरचं डोकं ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियम जास्त फुगतं. प्रमाणाबाहेर तापलं तर डोकं वाकडं होतं आणि मधली गॅस्केट फाटते. हे सगळ्यात खर्चाचं दुखणं, आणि बहुतेकदा सुरुवात होते एका गळक्या पाइपानं. म्हणून काका पहिल्यांदा इंजिनाखालची जमीन बघतात. हिरवा किंवा निळा ओघळ दिसला तर कूलंट, काळा दिसला तर इंजिनाचं तेल, लालसर असला तर बहुधा गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंगचं तेल. डॉक्टर आधी जीभ बघतात ना, तसंच.

आता सगळ्यात मजेदार आजार. हा थोरल्या बहिणीचा, म्हणजे १२३ नंबरच्या डिझेल गाडीचा. चावी फिरवली, चावी काढून खिशात टाकली, मालक गाडीतून उतरला आणि इंजिन मात्र सुरूच! भुताटकी वाटेल ना? काका सांगत होते, "घाबरलेली माणसं बॅटरीची वायर उपटतात. डिझेलला त्याचं काय? ते चालतच राहतं."

याचं कारण समजून घ्या. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तेव्हा इंधन पेटतं. वीज तोडली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा इतकी जोरात दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात डिझेल पडताच पेट घेतं. सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचं टोक गरम लागतं, तसंच. मग असं इंजिन थांबवायचं तर डिझेलच बंद करायला हवं. या गाडीत ते काम करते निर्वात नळी. इंजिनावर एक पंप असतो, तो नळ्यांमधली हवा सतत ओढून घेतो. चावी बंद केली की ही ओढ डिझेल पंपाच्या एका झडपेपर्यंत पोचते, झडप खेचली जाते आणि डिझेल थांबतं. याच पंपाच्या ओढीवर चारही दारांची कुलपंही लागतात. एक दार लावलं की बाकीची दारं किंचित उशिरानं, सुस्कारा टाकल्यासारखी बंद होतात.

आता शहाळं पिताना नळीला बारीक भोक असलं तर काय होतं, आठवा. कितीही ओढा, तोंडात नुसती हवा! तसंच इथे. मागच्या दारातली एखादी रबरी नळी चिरली तरी ओढ कमी पडू शकते, आणि दाराच्या आजारानं इंजिन बंद होत नाही. दुखतं पायात आणि लंगडतो हात, असा हा कारभार. चांगला मिस्त्री एकेक फाटा बंद करून, मापाचा हातपंप लावून, भोक कुठल्या वाटेवर आहे ते शोधतो. दुपार जाते, पण बदलायची असते बोटभर नळी. तोवर इंजिन थांबवायचं कसं? त्याचीही सोय आहे. बॉनेटखाली एक छोटा दांडा असतो, त्यावर 'थांब' या अर्थाचा शब्द लिहिलेला. तो दाबून धरायचा. बनवणाऱ्यानं हा दिवसही आधीच बघून ठेवला होता.

मात्र बनवणाऱ्यांचंही कधी चुकतं. १९९२ ते १९९५ च्या सुमारास या कंपनीच्या अनेक गाड्यांमध्ये इंजिनाच्या वायरींवर नव्या प्रकारचं वेष्टण आलं. टाकून दिल्यावर मातीत विरघळावं, पर्यावरणाचं भलं व्हावं, असा हेतू. पण इंजिनाच्या उष्णतेत ते गाडीतच विरघळू लागलं! भाजलेल्या पापडासारखं वेष्टण गळून पडलं, उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि इंजिन अडखळू लागलं. इलाज म्हणजे सगळा जुडगा नवा घालायचा, नाहीतर वायरमननं एकेक तार मोजून, चिठ्ठी बांधून, पुन्हा ओवायची. गाडी जुनी आणि धक्के खाते, म्हणून आधी इंजिन खोलू नका, आधी वायर चिमटीत धरून बघा, असं जाणते मिस्त्री सांगतात.

वायरीवरून आठवलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास झाला ऑगस्ट १८८८ मध्ये, आणि त्यातही वायरीनंच दगा दिला होता. कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी निघाली. शंभराहून अधिक किलोमीटर! सोबत दोन मुलगे, पंधरा वर्षांचा ऑयगन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड. म्हणजे तुमच्याएवढेच की. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बर्थानं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तारेचं वेष्टण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तेव्हा ते विकत घेतलं औषधाच्या दुकानातून. चढावर मुलांनी गाडी ढकलली. जगातला पहिला रस्त्यावरचा मिस्त्री म्हणजे एक आई होती, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुली ताठ बसतात.

इथवर वाचून एखादे पालक म्हणतील, बाई, हे कौतुक ठीक, पण एवढ्या जुन्या गाड्या हव्यात कशाला? धूर सोडतात त्या. प्रश्न रास्त आहे, आणि आरेसारख्या झाडीच्या जागी तर जास्तच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि तपासणीत पास झाली तर ५ वर्षांची मुदत मिळते. २०२१ साली सरकारनं नापास गाड्या भंगारात काढायचं धोरण आणलं. त्याच वर्षी आणखी एक नियम झाला. नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मग तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. पण ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढायची.

आता फळ्यावर गणित मांडू. पिंपरीत १९९५ साली जोडलेली गाडी. पहिली नोंदणी संपली २०१० मध्ये. व्हिंटेजचा मान मिळणार २०४५ मध्ये. मधली ३५ वर्षं ती ना नवी, ना मानाची जुनी. या काळात तिची किंमत उतरते, सुटे भाग महाग होत जातात, आणि एका मोठ्या बिलाच्या दिवशी मालक वैतागून तिला भंगारात धाडतो. कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांचे दिवे, दारं, आरसे टांगलेले दिसतात, त्यातले कित्येक अशा वैतागातून आलेले. पण काका तिथूनच आपल्या गाडीसाठी भाग शोधून आणतात. एक गाडी गेली म्हणून दुसरीला डोळा मिळतो.

धुराबद्दल मात्र काका कडक आहेत, आणि मला ते पटतं. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारं यंत्र, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचं झालं. ते बंद पडलं की काही जण काढून टाकतात आणि साधा पाइप जोडतात. काका अशी गाडी हातात घेत नाहीत. "आधी ते बसव, मग बाकीचं बोलू," असं सरळ मालकाच्या तोंडावर सांगतात. काळा धूर ओकणारी डिझेल गाडीही त्यांच्या मते जुनी नसते, आजारी असते. हवेचा फिल्टर तुंबलेला किंवा डिझेलचा फवारा बिघडलेला. तरीही एक खरं आहे की आजच्या नव्या गाडीइतकी ती स्वच्छ होणार नाही. म्हणून अशा गाडीनं रोज ऑफिसला जावं, असं मी तरी म्हणणार नाही. रविवारी सकाळी एक फेरी मारली तर तब्येतही राहते. महिनोन्‌महिने उभी ठेवली तर रबर आणखी सुकतं, बॅटरी मरते आणि उंदीर वायरींवर ताव मारतात.

काकांच्या हाताखाली सध्या एकच मुलगा आहे. नव्या गाड्यांत संगणक लावला की दोष पडद्यावर येतो, तिथे पगारही बरा. निर्वात नळीत भोक कुठे आहे ते कान लावून शोधायला कोण शिकणार? तो मुलगा शिकतोय. परवा त्यानं वायपरची पेटी उघडून आतल्या दातेरी चाकांना ग्रीस लावलं, तेव्हा आमचा सगळा वर्ग रांगेत उभा राहून बघत होता. ग्रीस सुकलं की तो लांबआखूड होणारा वायपर जड होतो आणि भर पावसात थबकतो.

तुम्हीही गॅरेजात जाऊन बघा, पण एवढं पाळा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, चालू इंजिनाजवळ ओढणी, स्कार्फ किंवा मोकळी वेणी न्यायची नाही, आणि बॅटरीला हात लावायचा नाही, आत ॲसिड असतं.

आणि रस्त्यावर अशी गाडी ओळखायची कशी? समोरून आली तर एकच वायपर. पाठमोरी असली तर मागचे दिवे बघा. काच गुळगुळीत नसून आडव्या खोबणींची आहे. उडालेला चिखल उंचवट्यांवर बसला तरी खोबणीत कमी पोचतो आणि दिवा दिसत राहतो. एकदम खूप गाड्या बघायच्या असतील तर जुन्या मर्सिडीज गाड्यांची रॅली २०१४ पासून मुंबईत भरत आली आहे, तिची बातमी वर्तमानपत्रात येते, लक्ष ठेवा. आमच्या वर्गानं वहीत दोन रकाने आखले आहेत, १२३ आणि १२४. आरेच्या रस्त्यावर आजवर १२४ चार वेळा दिसली. त्यातल्या तीन वेळा ती काकांचीच होती, असा एकाचा दावा आहे आणि त्यावरून अजून भांडण चालू आहे.